सावली कोणाच्या वाट्याला?

चैत्र सरून वैशाख लागला की दुपारच्या वेळी घराबाहेर पडू नये, हे सांगायला गोमंतकीयाला कोणत्याही वेधशाळेची गरज कधी पडली नाही. कौलारू घराची बसकी पडवी, अंगणातला मांडव, माडाच्या झावळ्यांचे छप्पर, आमसुलाचे सरबत आणि जेवणानंतरची घटकाभर विश्रांती ही आपल्या वाडवडिलांनी या दमट उष्म्यावर काढलेली तोड होती. पेडण्याचा किंवा डिचोलीचा दुकानदार दुपारी एकपासून चारपर्यंत दुकानाची फळी लावी, ती आळसापोटी नव्हे. उन्हाच्या त्या प्रहरात गिऱ्हाईकही येणार नाही आणि आपणही धड राहणार नाही, हा अनुभव त्यामागे होता. मात्र ही तोड ज्याच्याजवळ पडवी होती त्याच्यापुरतीच होती. मिठागरात उभा असलेला आगरातला कामगार, काजूच्या डोंगरावर बोंडू वेचणारी बाई, भट्टीपुढे बसलेला माणूस यांना तेव्हाही सावली नव्हती. आज त्यांच्या जोडीला इमारतीच्या स्लॅबवर सळ्या बांधणारा मजूर आला आहे, खनिजवाहू ट्रकाचा चालक आला आहे आणि रात्रीही न निवणाऱ्या पत्र्याच्या खोपीत तान्हे मूल निजवणारी त्यांची बायको आली आहे. ऊन सर्वांना सारखेच पडते, पण ते सर्वांना सारखे लागत नाही. सार्वजनिक आरोग्याच्या ज्या कार्यक्रमाची पायाभरणी या साध्या सत्यावर झालेली नाही, तो कितीही देखण्या कागदावर छापला तरी निरुपयोगी ठरेल, असे आम्हांस वाटते.

हे लिहिण्याचे कारण असे की हवामानबदल आणि आरोग्य हा विषय आता विद्वानांच्या परिषदांतून सरकारी दप्तरात येऊन स्थिरावला आहे. केंद्र सरकारने २०१९ साली या विषयाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यासाठी राज्य व जिल्हा पातळीवर जबाबदार अधिकारी नेमावेत, आराखडे करावेत, रुग्णालयांनी उष्माघाताच्या रुग्णांची नोंद ठेवावी, असे ठरले. गोवा सरकारनेही हवामानबदलाविषयीचा आपला कृती आराखडा तयार केला. एवढे झाल्यावर काम मार्गी लागले असे समजून स्वस्थ बसण्याची आपली सवय जुनी आहे. परंतु आराखडा जिल्ह्याच्या पातळीवर थांबतो आणि उष्माघात वाड्यावर होतो. या दोहोंमधले अंतर कोणी कापायचे, कोणत्या अधिकाराने कापायचे आणि प्रथम कोणाच्या दारी जायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे अजून कोणी नीट दिलेली नाहीत.

शहराच्या आरोग्याचा प्रश्न निघाला की आपल्याकडे पणजीचे, फार तर मडगाव, म्हापसा, वास्कोचे नाव निघते. पेडणे आणि डिचोली हे तालुके शहरांच्या हिशेबात कोणी धरीत नाही. हा हिशेब जुना झाला. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती आणि तीतील ६२ टक्के लोक नागरी वस्तीत राहत होते. देशातल्या कोणत्याही राज्यापेक्षा हे प्रमाण अधिक होते. त्या जनगणनेत पेडणे तालुक्यात सुमारे ७५ हजार आणि डिचोली तालुक्यात सुमारे ९८ हजार माणसे मोजली गेली. त्यानंतर किती पाणी पुलाखालून गेले हे पत्रादेवीहून कोलवाळपर्यंत एकदा प्रवास केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. नगरपालिका पेडण्याला आहे, डिचोलीला आहे, साखळीलाही आहे. शहराची वाहने, शहराचा कचरा, शहराच्या इमारती आणि शहराची धूळ या गावांत येऊन पोचली. शहराची आरोग्यव्यवस्था तेवढी वाटेत कोठेतरी थांबली.

या थांबण्याला इतिहास आहे. पोर्तुगिजांनी डिचोली अठराव्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकात आणि पेडणे १७८८ साली आपल्या राज्याला जोडले. या मुलखाला त्यांनी नव्या काबिजादी म्हटले आणि शेवटपर्यंत तो पाठीमागचा मुलूख म्हणूनच वागवला. पणजीत १८४२ साली वैद्यकशाळा निघाली, ही आशियातील जुन्या वैद्यकशाळांपैकी एक म्हणून आपण अभिमानाने सांगतो. पण त्या शाळेतून बाहेर पडलेला डॉक्टर शापोरा नदीच्या उत्तरेला पोचायला पिढ्या जाव्या लागल्या. शिवोली आणि चोपडे यांच्यामध्ये पूल नव्हता तेव्हा अडलेल्या बाळंतिणीला घेऊन फेरीबोटीची वाट पाहत धक्क्यावर बसलेले लोक या तालुक्याने पाहिले आहेत. १९६१ च्या मुक्तीनंतर आरोग्य केंद्रांचे जाळे विणले गेले, रस्ते आणि पूल झाले, बालमृत्यू घटले, हे श्रेय कोणी नाकारू नये. तथापि तुये येथे इस्पितळाची मोठी इमारत उभी राहूनही ते पूर्ण क्षमतेने चालावे यासाठी पेडणेकरांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली, रस्त्यावर उतरावे लागले, हीही वस्तुस्थिती आहे. दूरच्या तालुक्याला शेवटचा घास, ही रीत राजवट बदलली तरी पुरती बदलली नाही.

आरोग्याकडे डोळेझाक केल्याने नगरे कशी मरतात, याचा धडा तर आपल्या अंगणातच आहे. जुने गोवे हे एकेकाळी पूर्वेकडील मोठ्या नगरांपैकी एक होते. ते शत्रूच्या तोफांनी पडले नाही. सच्छिद्र जमिनीतून सांडपाणी विहिरींत झिरपत राहिले, पटकी आणि हिवताप यांच्या साथी फिरून फिरून आल्या, आणि चर्चची शिखरे तेवढी उभी राहून माणसे निघून गेली. अखेर १८४३ साली राजधानी म्हणून पणजीवर शिक्कामोर्तब झाले. श्रीमंत प्रथम बाहेर पडले, गरीब मागे राहिले आणि मेले, हा त्या कथेतला दुर्लक्षित भाग आहे.

आता या दोन तालुक्यांकडे आजच्या नजरेने पाहू. मोपच्या सड्यावर ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. त्याच दिवशी धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचेही उद्घाटन झाले. या दोन वास्तूंमुळे पेडण्याचे नाव देशाच्या नकाशावर आले, यात शंका नाही. परंतु जांभ्या दगडाचा सडा म्हणजे ओसाड माळ, ही समजूत चुकीची आहे. पावसाचे पाणी पोटात घेऊन पायथ्याच्या झऱ्यांना ते वर्षभर पुरवणारी ती नैसर्गिक टाकी असते. झाडे गेली, सडा डांबर आणि सिमेंट यांखाली गेला, की पायथ्याचा झर आटतो आणि वरची हवा तापते. हरमल, मांद्रे, मोरजीच्या किनाऱ्यावर आणि आतल्या गावांत बांधकामे सतत चालली आहेत. ती करणारे हात कर्नाटक, ओडिशा, झारखंड, बिहार येथून येतात. आगरवाड्याच्या मिठागरांत काम करणारे हात वयाने थकत चालले आहेत. अवेळी पावसाने मीठ विरघळले की त्यांची हंगामभराची मजुरी त्याबरोबर विरघळते.

डिचोलीचे दुखणे निराळे आहे. खनिजावर या तालुक्याने दोन-तीन पिढ्या पोट भरले आणि त्याच खनिजाने त्याच्या विहिरी व शेते यांवर घाला घातला. शिरगावात खाणीचे खंदक खोल गेले तसतसे विहिरींचे आणि झऱ्यांचे पाणी खाली गेले, हे गावकऱ्यांनी ओरडून सांगितले तेव्हा कोणी ऐकले नाही. २०१२ साली खाणी बंद झाल्या, मध्यंतरी काही सुरू झाल्या, मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पुन्हा थांबल्या. डिसेंबर २०२२ मध्ये नव्याने लिलाव झाले आणि २०२४ मध्ये डिचोलीतूनच खाणकामाला पुन्हा प्रारंभ झाला. खाण चालू असावी की बंद, हा आजचा विषय नाही. ज्या घरांत रोजगार गेला तेथेही आजार आले आणि ज्या घरांसमोरून ट्रक गेले तेथेही आले. येथे सांगायचे ते एवढेच की धूळ आणि ऊन यांचा हंगाम एकच आहे. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत रस्ता कोरडा, वारा तापलेला आणि वाहतूक भरात असते. धुळीपासून वाचण्यासाठी नाकातोंडाला फडके बांधावे तर त्या दमट उष्म्यात जीव गुदमरतो. ते सोडावे तर छाती भरते. शहरी आरोग्याचा जो अधिकारी धुळीचे कागद एका कपाटात आणि उष्णतेचे दुसऱ्या कपाटात ठेवील, त्याला हा माणूस दिसणार नाही.

उष्णतेच्या इशाऱ्याविषयी येथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. हवामान खात्याच्या निकषानुसार सपाट प्रदेशात कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसला पोचावे लागते. किनारपट्टीवर ते ३७ अंश व्हावे लागते आणि नेहमीच्या सरासरीहून किमान ४.५ अंशांनी अधिक असावे लागते. तेव्हा उष्णतेची लाट आली असे मानतात. हा निकष शास्त्रीय आहे, पण आपल्या एप्रिल-मे महिन्यांतला खरा जाच त्याच्या जाळीतून निसटतो. माणसाचे शरीर घामावाटे निवते, आणि घाम वाळला तरच तो शरीराची उष्णता घेऊन जातो. हवेत बाष्प भरले असेल तर घाम निथळतो, वाळत नाही. म्हणून कोरड्या हवेतील ३८ अंशांपेक्षा दमट हवेतील ३४ अंश अंगमेहनत करणाऱ्याला अधिक घातक ठरू शकतात. त्यात रात्र निवली नाही तर हृदय व मूत्रपिंड यांवरचा ताण दुसऱ्या दिवशीच्या खात्यावर जमा होत राहतो. अशा माणसाला एखाद्या दुपारी घेरी येते, तो कोसळतो, आणि दाखल्यावर हृदयविकार असे लिहिले जाते. उष्म्याचा बळी उष्म्याच्या नावावर जमा होत नाही. मग आपल्याकडे उष्माघाताचे मृत्यू होतच नाहीत असा निर्वाळा द्यायला आपण मोकळे!

मार्च २०२३ मध्ये उष्णतेच्या लाटेचा इशारा मिळताच सरकारने राज्यातील शाळा दुपारी बारा वाजता सोडल्या. निर्णय योग्यच होता. पण त्या निर्णयाने आपल्या व्यवस्थेची एक बाजू उघडी पडली. मुलांसाठी घंटा वाजवणारा कोणीतरी आहे. कंत्राटदाराच्या हाताखाली रोजंदारीवर राबणाऱ्यासाठी घंटा वाजवणारा कोणी नाही. त्याने स्वतः काम थांबवले तर रोज बुडतो, आणि दुपारच्या उन्हाहून त्याला संध्याकाळच्या चुलीची काळजी मोठी असते. त्याला सल्ल्याची पत्रके वाटून उपयोग नाही. त्याच्या कामाची वेळ बदलण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे त्याला बांधून घेतले पाहिजे.

केवळ उन्हाचाच हा विषय नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारी धरणाचे पाणी सोडावे लागले तेव्हा इब्रामपूर, हणखणे, चांदेल आणि डिचोलीतील साळ या गावांत घरे पाण्यात गेली. २३ जुलै २०२१ च्या पुराने डिचोली, साखळी, सत्तरी, पेडणे भागांत शेकडो घरांची हानी केली. १९८२ नंतर एवढा मोठा पूर आला नव्हता असे तेव्हा सांगण्यात आले. त्याच वर्षी १६ मे रोजी तौक्ते वादळाने झाडे व विजेचे खांब आडवे केले होते. पूर ओसरला की मदतीचे पुढारी निघून जातात आणि रोग येतात. चिखलात अनवाणी काम करणाऱ्याला लेप्टोस्पायरोसिस गाठतो, गढूळ विहिरीतून हगवण येते, साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. पाऊस कमी दिवसांत अधिक कोसळू लागल्यापासून हे चक्र आवळत चालले आहे. उलट बाजूने तिळारीचा कालवा फुटला की चांदेल आणि अस्नोडा येथील जलशुद्धीकरण प्रकल्पांवर अवलंबून असलेल्या घरांचे नळ कोरडे पडतात. ज्याच्या घरी टाकी आणि पंप आहे तो चार दिवस काढतो, ज्याच्या घरी कळशी आहे तो पहिल्याच दिवशी तहानेला सामोरा जातो.

प्रत्येक आजाराचे खापर हवामानबदलावर फोडण्याच्या आम्ही विरुद्ध आहोत. तसे करणे ही अनेकदा आपल्या नाकर्तेपणाला पांघरूण घालण्याची युक्ती असते. माकडतापाचे उदाहरण घ्या. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात प्रथम ओळखला गेलेला हा ताप २०१५ मध्ये सत्तरीतील पाली गावात आला, २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात आणि पुढे बांद्याकडे पसरला. गोचिडीवाटे तो माणसाला जडतो आणि त्याचा हंगाम नेमका काजूचा हंगाम असतो. तो येथे का आला, याला रानांची मोडतोड, माणसांची व गुरांची ये-जा, हवामान अशी अनेक कारणे असतील. परंतु तो कोणाला होतो हे सांगायला संशोधकाची गरज नाही. पाचोळ्यात वाकून बोंडू वेचणाऱ्याला होतो. रानात माकड मरून पडलेले प्रथम तोच पाहतो. त्याने ते कोणाला कळवायचे आणि कळवल्यावर किती तासांत कोण येणार, एवढे ठरले असेल तर साथ वाड्याच्या सीमेवर अडवता येते. कारण कोणतेही असो, मार कोणावर पडतो आणि त्याच्यापर्यंत आपण केव्हा पोचतो, हाच सार्वजनिक आरोग्याचा कस आहे.

या बाबतीत गोव्याच्या गाठीला एक मोलाचा अनुभव आहे. १९८० च्या दशकात पणजीत हिवतापाने डोके वर काढले. बांधकामाच्या जागी साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढणारा डास त्याच्या मुळाशी होता. नेटाने काम करून गोव्याने हिवतापाला जवळजवळ हद्दपार केले. त्या कामात परप्रांतीय मजुरांच्या रक्ताची तपासणी आणि त्यांना दिलेले आरोग्यपत्र यांचा वाटा मोठा होता. पण त्या आरोग्यपत्रामागची वृत्ती तपासून पाहावी. मजुराचा रोग आपल्याला लागू नये, या भीतीतून ते निघाले. आपल्या उन्हाने, आपल्या धुळीने, आपल्या पत्र्याच्या खोपीने त्या मजुराला काय होते, हा प्रश्न त्या पत्रावर कधी छापला गेला नाही. २०१६ साली सुरू झालेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेने गोमंतकीय कुटुंबांना मोठा आधार दिला. तिच्यासाठी किमान पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. म्हणजे काल आलेला आणि सर्वांत धोक्याचे काम करणारा माणूस पाच वर्षे त्या छत्रीबाहेर उभा. राज्याच्या तिजोरीला मर्यादा असते हे आम्ही जाणतो. परंतु ज्याला विम्याच्या कक्षेत घेता येत नाही त्याला निदान सावली, पाणी आणि विश्रांती देण्याला कोणत्या वास्तव्याच्या दाखल्याची गरज आहे?

बाहेरचे जग याबाबतीत काय शिकले ते पाहू. जुलै १९९५ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात उष्णतेच्या लाटेत काही दिवसांत सातशेहून अधिक माणसे दगावली. वातानुकूलन यंत्रांच्या त्या देशात मेले कोण? बहुतांशी म्हातारी, एकटी राहणारी, गरीब वस्तीतील माणसे. त्यांचे दार कोणी ठोठावले नाही. आपल्या देशात मे २०१० मध्ये अहमदाबादचे तापमान ४६.८ अंशांवर गेले आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. अहमदाबाद महानगरपालिकेने त्यातून बोध घेऊन २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा अमलात आणला. भारतात असा तो पहिलाच. इशाऱ्याचे रंग ठरले, इस्पितळांतील माणसांना शिकवले गेले, पाणपोया वाढल्या, बागा दुपारी उघड्या राहिल्या. पुढे झालेल्या अभ्यासाने या उपायांमुळे वर्षाकाठी हजाराच्या आसपास मृत्यू टळल्याचा अंदाज दिला. त्याआधी सुरतेने दुसरा धडा घालून दिला होता. १९९४ च्या प्लेगने बदनाम झालेल्या त्या शहरात १९९५ साली आलेले आयुक्त एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी कचेरीबाहेर काढून वस्त्यांत उभे केले. ते डॉक्टर नव्हते. पाणी, कचरा, बाजार, बांधकाम या साऱ्यांवर त्यांचा अधिकार चालत होता, आणि आरोग्य त्या साऱ्यांच्या बेरजेतून येते हे त्यांना उमगले होते. या दोन्ही ठिकाणी काम नगरपालिकेने केले, राज्याच्या राजधानीतून आलेल्या परिपत्रकाने नव्हे.

आपल्या नगरपालिकांना मात्र आरोग्य हा विषय आपला वाटत नाही. कचरा उचलणे आणि गटारे उपसणे यापलीकडे तो आरोग्य खात्याचा, अशी समजूत आहे. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या परिशिष्टात सार्वजनिक आरोग्य हा विषय नगरपालिकांकडे सोपवण्याजोग्या कामांत स्पष्ट लिहिलेला आहे. ही दुरुस्ती १९९३ पासून अमलात आहे. तीन दशके हे कलम झोपले आहे. त्याला जागे करण्याचा आरंभ पणजीपासून करण्याऐवजी पेडणे आणि डिचोली येथून करावा, असे आम्ही सुचवतो. लहान गावात कोण कोठे राहतो हे अजून लोकांना ठाऊक असते आणि चूक झाली तर ती लवकर ध्यानात येते.

असा कार्यक्रम चालवण्यासाठी प्रथम एक पूर्णवेळ आरोग्य अधिकारी हवा. आरोग्य खात्याने तो नगरपालिकेकडे पाठवावा, आणि पाणीपुरवठा, मजूर, खाण, शिक्षण या खात्यांना त्याचे म्हणणे ऐकणे बंधनकारक असावे. त्याने पहिल्या तीन महिन्यांत एकच काम करावे, ते मोजणीचे. एकटे राहणारे वृद्ध, गरोदर स्त्रिया, डायलिसिसवर असलेले रुग्ण, तान्ही मुले, उन्हात राबणारे लोक आणि मजुरांच्या खोपी यांची प्रभागवार वही अंगणवाडी सेविका, परिचारिका आणि आरोग्य सेवक यांच्या मदतीने तयार करावी. मतदारयादीत नाव नसलेला माणूस त्या वहीत सापडला पाहिजे. दुसरे, हवेतील बाष्प धरून स्थानिक इशारा ठरवावा आणि तो मराठी, कोकणी, कन्नड, हिंदीतून द्यावा. इशाऱ्याच्या दिवशी दुपारी बारा ते चार उघड्यावरचे काम बंद, ही अट बांधकाम परवान्यातच घालावी, म्हणजे मजुराला विनवणी करावी लागणार नाही. तिसरे, बाजार, बसस्थानक, शाळा आणि देवस्थानांच्या अग्रशाळा येथे दुपारची सावली व पाणी यांची सोय करावी. वाटसरूला ओसरी देणे हा आपल्या देवस्थानांचा जुना धर्मच आहे. जत्रेच्या दिवसांत गर्दी, उष्मा आणि वाटा यांचे नियोजन हेही याच अधिकाऱ्याच्या विचाराने व्हावे. ३ मे २०२५ रोजी शिरगावच्या लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरीत भाविक प्राणास मुकले, ते दुःख अजून ओले आहे. चौथे, पूर ओसरल्यापासून दोन दिवसांत विहिरींचे शुद्धीकरण आणि लेप्टोवरील प्रतिबंधक गोळ्या, मेलेल्या माकडाची खबर मिळताच त्याच दिवशी पथक, आणि धुळीचे मोजमाप जेथे माणसे श्वास घेतात त्या रस्त्यावर, एवढे नियम लेखी करावेत. पाचवे आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे, दर पावसाळ्याच्या तोंडाशी नगरपालिकेच्या जाहीर सभेत त्याने हिशेब मांडावा. किती आजारी पडले, किती मेले, ते कोण होते, कोणत्या वाड्यावरचे होते, आणि आपण त्यांच्यापर्यंत का पोचलो नाही.

पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न लगेच विचारला जाईल. खाणग्रस्त भागांसाठी २०१५ च्या कायदेदुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले. त्याच्या निधीतील मोठा वाटा पिण्याचे पाणी, आरोग्य, पर्यावरण अशा अग्रक्रमाच्या कामांवरच खर्च झाला पाहिजे, असे नियमच सांगतात. डिचोलीच्या धुळीतून निघालेला पैसा डिचोलीच्या फुप्फुसांवर खर्च व्हावा, यात मागणी कसली, तो हक्कच आहे. बांधकामखर्चावर मजुरांच्या कल्याणासाठी उपकर घेण्याची तरतूद १९९६ पासून आहे. पेडण्यात उठणाऱ्या प्रत्येक इमारतीमागे तो घेतला गेला आणि पेडण्याच्या मजुराच्या पिण्याच्या पाण्यासाठी व सावलीसाठी लावला गेला, तर नव्या करांची भाषा करावी लागणार नाही. या कामाला लागणारा खर्च एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणाहून फार अधिक नसेल. कमतरता पैशांची नाही, ते कोणासाठी खर्चायचे याच्या निश्चयाची आहे.

आमच्या काही वाचकांच्या मनात एक शंका येईल, आणि ती आम्ही टाळू इच्छित नाही. आमच्याच वृद्धांना, आमच्याच काजू बागाईतदारांना पुरेसे मिळत नसताना बाहेरून आलेल्यांची चिंता आम्ही का वाहावी? ही शंका निर्दयपणातून येते असे आम्ही मानत नाही. जमीन, पाणी आणि नोकऱ्या हातच्या जात आहेत या धास्तीतून ती येते, आणि त्या धास्तीला आधार आहे. तिचा बंदोबस्त जमिनीच्या आणि नियोजनाच्या कायद्यांनी करावा, तहानलेल्या माणसावर तो राग काढू नये. शिवाय आरोग्याच्या वहीत ही फारकत चालतही नाही. मजुराच्या खोपीजवळच्या पाण्यात वाढलेला डास शेजारच्या घरात जातो. खोपीत राहणाऱ्यासाठी ठरवलेली कामाची वेळ आपल्या गावच्या गवंड्यालाही लागू होते. एकट्या मजुरासाठी तयार केलेली वही पोटची मुले आखातात किंवा पोर्तुगालमध्ये असलेल्या आपल्या म्हाताऱ्या आईबापांचेही दार ठोठावते.

हीच गोष्ट तेरेखोलपलीकडच्या शेजाऱ्यांची. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीचा रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या बांबोळीच्या इस्पितळाकडे धाव घेत आला. १ जानेवारी २०१८ पासून परराज्यातील रुग्णांना तेथे शुल्क लागू झाले तेव्हा दोन्ही बाजूंना बरीच कटुता झाली. खर्चाचा वाटा कोणी उचलावा हे दोन सरकारांनी जरूर ठरवावे. पण माकडताप सीमेवरची चौकी पाहून थांबला नाही, आणि तिळारीचे पाणीही थांबत नाही. पेडणे आणि डिचोलीच्या आरोग्य अधिकाऱ्याने सिंधुदुर्गातील अधिकाऱ्याशी साथीच्या व पुराच्या बातम्यांची रोजच्या रोज देवाणघेवाण करावी. यासाठी कराराची वाट पाहण्याचे कारण नाही. दूरध्वनी पुरेसा आहे.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. गोव्याच्या भूमीशी ज्यांचे जन्माचे नाते नव्हते असे देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील तरुण तेथे पडले. तू कोठला, तुझे येथे वास्तव्य किती, असे त्यांना त्या दिवशी कोणी विचारले नाही. त्याच रस्त्याने आज मजुरांनी भरलेले टेम्पो पेडण्यात येतात. पुढच्या उन्हाळ्याला अवधी थोडा आहे. पेडणे आणि डिचोलीच्या नगराध्यक्षांनी आपल्या पुढच्याच सभेत हा विषय पटलावर घ्यावा, आरोग्य खात्याकडे अधिकारी मागावा आणि होळीपूर्वी प्रभागवार वही पूर्ण करावी. बैल गेला आणि झोपा केला, असे म्हणण्याची पाळी या वेळी तरी येऊ नये.